रुद्रकेताची बाजू

१२ जानेवारी २०२५, सोनई

मामांनी आज रुद्रकेताचा कडेलोट करायचं ठरवलं आणि माझं बोट मोबाईलवर तसंच थांबलं.

"लिही की," मामा म्हणाले.

"नाही लिहीत."

सासऱ्याला तोंडावर नाही म्हणायची ही माझी पहिलीच वेळ. दुपारचे चार वाजून गेलेत, अजून दुसरं काही सुचत नाही, म्हणून वही काढून बसले.

मामांनी उभा जन्म कांद्याची आडत चालवली. लिलाव उरकला की गाळ्यातल्या गादीवर बसल्या बसल्या पाठकोऱ्या कागदांवर राजे-राण्या लिहायचे. 'निळकड्याचं राज्य'चे दोन भाग त्यांनी नगरच्या छापखान्यातून स्वतःच छापून घेतले. आता हात थरथरतो, पेन धरवत नाही. म्हणून तिसरा भाग ते सांगतात, मी मोबाईलवर टाईप करते, आणि दर रविवारी एक प्रकरण वाचनाच्या ॲपवर टाकते. पार कोल्हापूर-नांदेडची पोरं वाचतात.

गोष्ट अशी. निळकड्याचा राजा वज्रकेत शिकारीत जखमी होऊन वैद्यांच्या गुहेत बेशुद्ध पडतो. थोरला मुलगा रुद्रकेत बापाचा मुकुट घालून सिंहासनावर बसतो. राजा बरा होऊन येतो, थोरल्याला द्रोही ठरवतो आणि गादी धाकट्या सोमकेताला देतो. रुद्रकेत चार माणसं जमवून हक्क सांगायला येतो, हरतो, आणि आता बेड्यांत आहे.

"मामा, पहिल्या भागात तुम्हीच नियम घातलाय," मी म्हणाले. "दिवस मावळल्यावर सिंहासन रिकामं राहिलं तर कड्यावरून धुकं उतरतं. ते ज्या घरात शिरतं तिथली माणसं स्वतःची नावं विसरतात. मग राजा बेशुद्ध असताना थोरल्यानं काय करायचं होतं? सगळ्या गावाला नावं विसरू द्यायची?"

मामांनी उशी पाठीशी सरकवून घेतली.

"तू टाईप कर. राज्य कसं चालवायचं ते मी बघतो."

शेवटी कडेलोटाचा नुसता हुकूम निघाला एवढंच टाईप केलं. अंमलबजावणी पुढे ढकलली आहे. एवढं मी मिळवलं.


१४ जानेवारी

संक्रांत. ॲपवर सगळे रुद्रकेतावर तुटून पडलेत. 'गद्दार.' 'ढकला लवकर.' 'बाप जिवंत असताना मुकुट घालतो म्हणजे काय?' एकाने तर हसरी तोंडं टाकलीत ओळीने.

राहवलं नाही. तीळ भाजायचे ठेवून मी माझ्या नावाने लांबलचक उत्तर लिहिलं. मुकुट घालणं आणि मुकुट हिसकावणं यात फरक असतो. जो हरतो त्याचीच बाजू वाईट ठरते, कारण पुढे गोष्ट जिंकलेला सांगतो. रुद्रकेत वाईट असता तर त्याने राजा परत येण्याआधी वैद्यांची गुहा बंद केली असती. त्याने उलट पालखी पाठवली. भाग दोन, प्रकरण सात, काढून बघा.

तासाभरात माझं नाव 'गद्दाराची वकिलीण' पडलं. खरं सांगायचं तर मजा वाटली. बी.ए.ला मराठीत पहिली आले त्यानंतर एवढं कुणी माझ्याशी भांडलं नव्हतं.

संध्याकाळी हे गाळ्यावरून आले. कुणीतरी त्यांना मोबाईलवर दाखवलं होतं.

"काढून टाक ते."

"का? गोष्टीबद्दल आहे."

"घरातल्या बाईनं असं चारचौघांत लिहू नये. काढ."

तिळगूळ हातात घेतला, खाल्ला नाही. मी लिहिलेलं काढलं नाही. अजिनाथ तसे तापट नाहीत. कांद्याचा बाजार पडलाय, त्याचंच असेल.


२१ जानेवारी

मामा रोज नवा मुद्दा काढतात. मी त्याला उत्तर देते. टाईप होतं दहा ओळींचं, भांडण दोन तासांचं. आज म्हणाले, "बरं, बसला गरज म्हणून. पण मुकुट कशाला घातला? नुसतं बसायचं."

"मुकुटाशिवाय बसला तर सिंहासन त्याला राजा मानणार कसं? धुक्याला कसं कळणार?"

"धुक्याला डोळे हायेत व्हय?"

"तुम्हीच दिलेत की. पहिल्याच पानावर."

मामा हसले. मग एकदम हसायचे थांबले आणि गोळी मागितली. पाणी सदऱ्यावर सांडलं.


२ फेब्रुवारी

आज आत्याबाईंबरोबर मेथी निवडत बसले होते. सासूबाई एरवी बोलायच्या नाहीत फारशा. आज मध्येच म्हणाल्या, "तुमचं ते रोज ऐकती मी आतून. थोरल्याला लई शिव्या देत्यात का लोकं?"

"रुद्रकेताला? हो, देतात."

त्यांनी जुडी खाली ठेवली आणि सांगायला लागल्या. मोठे भाऊजी, बिभीषण, या घरातून गेले ते 'गादीवरून भांडण' होऊन गेले, एवढंच मला लग्नाच्या वेळी सांगितलं होतं. मी त्यांना एकदाही पाहिलेलं नाही. ते राहुरीकडे रोपवाटिका चालवतात.

आत्याबाई म्हणाल्या, "तुझ्या मामाच्या काळजाचं आप्रेशन झालं नगरला. शुद्ध न्हवती. अन् दसरा आला. नव्या कांद्याचा मुहूर्त. पहाटंपास्नं ट्रॅक्टर उभे गाळ्यापुढं. गाळा बंद राहिला तर शेतकरी दुसऱ्या आडतीला जातोय, मग परत न्हाई फिरत. बिभीषण म्हणला, आई, काय करू? म्हणलं, बस. मुहूर्ताला उघड्या डोक्यानं बसत्यात व्हय? खुंटीवरची ह्यांची टोपी मीच काढून दिली त्याला."

"मग?"

"मग काय. हे घरी आले ते त्या टोपीचंच धरून आले. बाप जित्ता असताना टोपी घातली. बिभीषण चार माणसं घिऊन बैठकीला बसला, माझा हक्क हाय म्हणला. हरला. गेला."

"टोपी तुम्ही दिली हे मामांना सांगितलं नाही?"

त्यांनी पुन्हा मेथी हातात घेतली. "ह्यांनी इचारलंच न्हाई. अन् मला भ्या वाटलं."

मी उठून मागच्या पडवीत जाऊन उभी राहिले. तीन आठवडे मी काय करत होते? कुणाची बाजू मांडत होते? आणि रुद्रकेत निर्दोष ठरला तर मी कोण? सोमकेताची राणी. हळदीकुंकवाला मला आधी पाट मिळतो तो अजिनाथ गादीवर आहेत म्हणून. मला तो पाट आवडतो. हे इथे तरी खरं लिहिते.

आता गप्प बसायचं. मामा सांगतील ते टाईप करायचं.


४ फेब्रुवारी

गप्प बसले. मामांनी पाच ओळी सांगितल्या आणि थांबले.

"का गं? तुझा रुद्रकेत मेला का आजच?"

"तुमची गोष्ट आहे, मामा."

"ते मला ठावं हाय. तू बोल. तू बोलली न्हाई तर मला पुढचं दिसत न्हाई."


११ फेब्रुवारी

पुन्हा बोलायला लागले. काय करू, गोष्टीत भोकच तेवढं मोठं आहे.

मामांनी आज गुहेतला प्रसंग सांगितला. राजा शुद्धीवर येतो आणि 'त्यास कळले की थोरल्याने मुकुट घातला.'

"कळले म्हणजे? कुणी सांगितलं?"

"कळलं."

"वैद्यांच्या गुहेत रक्ताच्या माणसाशिवाय कुणाला सोडत नाहीत, असं तुम्हीच लिहिलंय. मग गेलं कोण? एखादा जासूद तरी दाखवा. वाचणारी पोरं धरतील तुम्हाला."

दारात हे चपला काढत उभे होते, त्यांच्याकडे मामांनी पाहिलं, मग माझ्याकडे.

"ऱ्हाऊ दे तसंच," म्हणाले.

"पण मामा, हा महत्त्वाचा मुद्दा आहे. सांगणाऱ्याने कसं सांगितलं त्यावर सगळं..."

"एवढं काय त्यात?" हे एकदम ओरडलेच. "गोष्ट हाय ती! तुला काय करायचंय?" आणि निम्म्या काढलेल्या चपला परत घालून गाळ्यावर निघून गेले. आज लिलावाचा वारही नाही.

आत्याबाईंना विचारलं तर म्हणाल्या, बापाच्या आजारपणाचा विषय निघाला की त्याला सोसत नाही. दवाखान्यात एकालाच आत सोडायचे, तर अजिनाथच बसून होता सगळे दिवस उशाशी. दसऱ्याच्या पहाटे तेवढा कपडे न्यायला आला, एरवी अंघोळीलासुद्धा घरी आला नाही. एवढी माया बापावर.

बिचारे. आणि मी दवाखान्यासारखी गुहा काढून बसले होते त्यांच्यासमोर. रात्रीच्या जेवणाला पिठलं करते, त्यांना आवडतं.


२० फेब्रुवारी

नवल घडलं. लग्न झाल्यापासून यांनी पेपरच्या बाजारभावापलीकडे काही वाचलेलं मी पाहिलं नाही. आज म्हणाले, "ती गोष्ट पहिल्यापासनं मोबाईलवर लावून दे. पिकअपमधी ऐकतो."

लावून दिली. मोबाईलचा तो यंत्राचा आवाज, त्यात 'वज्रकेत' म्हणताना अडखळतो. तरी कांदा पोचवून येता-जाता त्यांनी दीड भाग ऐकला म्हणे.

जेवताना विचारलं, "रुद्रकेताला ढकलत्यात तवा सोमकेत कुठं असतो?"

"मामांनी ठरवलं नाही अजून."

"त्याला कड्यावर उभा करा." भाकरीचा तुकडा हातातच होता. "त्याला दिसलं पाहिजे."

मी म्हटलं, वा, हे कुणाला सुचलं नव्हतं! त्याने प्रसंग केवढा उठेल. उद्या मामांना सांगते. मला फार बरं वाटलं. एका घरात तिघांनी एका गोष्टीवर बोलायचं म्हणजे सुखच. पण हे ताटावरून उठले ते अर्धी भाकरी टाकून.


२ मार्च

सोमकेताला कड्यावर उभं करायचं हे मामांना सांगितलं. "कुणाचं म्हणणं?" "यांचं." मामांनी डोळे मिटले. वाटलं झोप लागली. मग तसेच डोळे मिटून बोलायला लागले, गोष्टीतल्या भाषेत नाही, आपल्या भाषेत.

"राजाला ठावं हुतं गं. रुद्रकेताचं वाईट न्हवतं मनात. त्याला पयल्या दिवसापास्नं ठावं हुतं."

"मग शिक्षा का केली?"

"राजानं घरी येऊन बघितलं तर सगळं नीट चाललं हुतं. धुकं उतरलं न्हाई. लोकं आपापल्या नावानं हाका मारत हुती. राजाबिगर. ते सोसलं न्हाई त्याला. त्यापेक्षा द्रोह झाला म्हणणं सोपं पडलं."

मी टाईप करू का विचारलं. मामा म्हणाले, "करू नको. हे निस्तं तुला सांगितलं."

मग विचारलं, "राहुरीला किती वेळ लागतो गाडीनं?"

जणू त्यांना ठाऊकच नाही.


९ मार्च

राहुरीला जाऊन आलो.

हे गाडी चालवत होते. मामा पुढे, मी आणि आत्याबाई मागे. रोपवाटिकेच्या फाटकाशी गाडी थांबली आणि हे म्हणाले, "तुमी जा. मी गाडी सावलीला लावतो." गाडी सावलीतच होती.

मोठे भाऊजी उसाच्या रोपांचे ट्रे मांडत होते. मामांसारखंच कपाळ, तसाच खांदा जरा पुढे. आम्हाला बघून हातातला ट्रे सावकाश खाली ठेवला, हात धुतले, आणि आत्याबाईंच्या पाया पडले. मग मामांच्या. मामांचा थरथरता हात त्यांच्या डोक्याला नीट लागेना, कानालाच लागत होता.

"तू सुरेखा ना?" मला म्हणाले. "बस. ऊन लई हाय."

पाणी झालं. चहा झाला. मामांनी घसा खाकरला. मला वाटलं आता माफी मागतील. पण ते म्हणाले, "रुद्रकेताचं काय करावं, कळंना झालंय."

भाऊजी हसले. "मी पहिला भाग वाचला हुता आप्पा. धुकं भारी लिहिलंय. पुढचं न्हाई वाचलं."

"का?"

"वाचवंना."

पत्र्यावर कुठूनसं पाणी ठिबकत होतं. मामा म्हणाले, "ये परत. गादी तुझी हुती."

"न्हाई आप्पा." अजिबात आवाज न चढवता. "त्या दिवशी तुमच्यासाठी बसलो. आता कुणासाठी बसू? माझं इथं बरं चाललंय. दोन पोरींच्या शाळा इथंच हायेत." मग जरा थांबून, "तुमी नुसतं एकदा म्हणायचं हुतं. बस म्हणून न्हाई. का बसलास, एवढं इचारायचं हुतं."

तेव्हा आत्याबाई बोलल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, खाली बघत. "टोपी मी दिली हुती त्याला. खुंटीवरली. मीच."

मामांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मला तिथून उठून जावंसं वाटलं. रागाने नाही. या बाईबरोबर इतकी वर्षं काढली आणि ती आज भेटली, असं.

भाऊजींनी विचारलं, "अजिनाथ आला न्हाई आत?"

"गाडीत आहेत," मी म्हणाले.

"त्याला पाणी तरी दे नेऊन."

मी तांब्या घेऊन गेले. हे स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते. म्हटलं, चला ना, मोठे भाऊजी काही रागावलेले नाहीत. तांब्या तोंडाला लावला, सगळं पाणी प्यायले, रिकामा तांब्या परत दिला. माझ्याकडे पाहिलं नाही. एवढा कसला अभिमान माणसाला? भावानं हाक मारली तरी उतरायचं नाही? मला राग आला, आणि परतीच्या वाटेवर मीही बोलले नाही.


१६ मार्च

आज शेवटचं प्रकरण झालं. नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

मामा पलंगावर, मी खाली चटईवर मोबाईल घेऊन, आत्याबाई उंबऱ्याशी शेंगा फोडत. हेही आले आणि भिंतीला टेकून बसले.

मामांनी सुरुवात केली. राजसभा भरली आहे. रुद्रकेताला बेड्यांत आणलंय. 'तेव्हा सभेतून एक स्त्री उठली.'

"कोण स्त्री?" मी विचारलं.

"तू. बोल आता तुला काय बोलायचं ते. मी मधी येत न्हाई."

मग मी बोलत गेले आणि टाईप करत गेले. धुक्याचं, मुकुटाचं, पालखीचं. म्हणाले, हा हरला म्हणून दोषी ठरू नये. याने हक्क मागितला तेव्हा माणसं जमवून आणली हे चुकलं असेल, पण त्याआधी कुणी त्याला दारात उभं करून साधं विचारलं का? बोलून झालं तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी होतं. उगाच.

"राजा काय म्हणतो?" मी विचारलं.

"राजा विचारतो," मामा म्हणाले, "गुहेत मला कुणी सांगितलं हुतं, त्यानं उभं ऱ्हावं."

आत्याबाईंच्या हातातली शेंग फुटायची राहिली. मी वाट बघत होते, की मामा आता जासूदाचं नाव सांगतील. पण मामा माझ्याकडे बघत नव्हतेच.

"सोमकेत उठला," हे म्हणाले.

मी टाईप केलं. सोमकेत उठला.

"म्हणला, मी सांगितलं. दादानं मुकुट घातला, एवढंच सांगितलं. धुकं दाराशी आलं हुतं, ते सांगितलं न्हाई. मुकुट आईनं दिला, मी तिथंच उभा हुतो, ते बी सांगितलं न्हाई." गुडघे जवळ ओढले. "खोटं एक अक्षर बोललो न्हाई. निम्मं बोललो. मला गादी पाहिजे हुती."

माझी बोटं चालत होती. 'पाहिजे होती' असं प्रमाण भाषेत करू की तसंच ठेवू, हा विचार मनात आला, इतकी मी मूर्ख. मग मान वर केली. हे गुडघ्यात डोकं घालून बसले होते आणि आत्याबाई उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, लहान मुलाच्या फिरवतात तसा.

तेव्हा कळलं.

दवाखाना. एकालाच आत. जानेवारीपासूनचं सगळं एकदम. मी एका माणसासाठी गावाशी भांडत होते, आणि रोज ज्याच्या ताटात वाढते त्याचं काय चाललंय ते मला दिसलं नव्हतं.

"मामा, हे टाकायचं का ॲपवर?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

मामांनी यांच्याकडे पाहिलं.

"टाका," हे गुडघ्यातूनच म्हणाले. "दादा वाचंल कदाचित."

रुद्रकेताच्या बेड्या काढल्या. तो राज्य घेत नाही. कड्यापलीकडे त्याची झाडं आहेत, तिकडे जातो. राजा त्याला वेशीपर्यंत चालत पोचवतो. हे मामांनी सांगितलं, फार हळू. मी ते ॲपवर टाकलं.


१७ मार्च

सकाळपासून वाचणारे सोमकेतावर तुटून पडलेत. 'खरा गद्दार हाच.' 'सोमकेताला ढकला.' कालपर्यंत जे रुद्रकेताला ढकलत होते तेच सगळे. मला उत्तर द्यायचं होतं. त्याची बाजू मांडायची होती, की तो उठला, कुणी ओढून काढलं नव्हतं त्याला. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. मला त्याचा रागही येतोय. रात्री मी यांच्याशी बोलले नाही आणि सकाळी डबा मात्र रोजच्यापेक्षा जड भरला. मला माझंच काही कळत नाही.

साडेअकराला आत्याबाईंचा मोबाईल वाजला. त्या मळ्यात होत्या, मी घेतला.

"सुरेखा, बिभीषण बोलतोय. अजिनाथ मोबाईल उचलंना. तुला जमंल का त्याला द्यायला?"

मी तशीच निघाले. आज लिलावाचा वार. बाजारात ट्रॅक्टरच ट्रॅक्टर, बोली लावणाऱ्यांचा गलका, सगळीकडे कांद्याची फोलपटं उडत होती. हे गाळ्याच्या पायरीवर उभे होते. मोबाईल पुढे केला, "मोठे भाऊजी आहेत," म्हटलं. त्यांनी हात पँटीला पुसले. परत पुसले.

"हं, दादा."

पुढचं ऐकू आलं नाही. ते गोण्यांच्या थप्पीमागे गेले. मी पायरीवर उभी राहिले. हमाल आपापल्या कामात होते. कुणीतरी बाजूच्या गाळ्यातून भाव ओरडलं.

बऱ्याच वेळाने बाहेर आले. डोळे लाल, पण तोंडावरचा तो दोन महिन्यांचा ताण जरा सैल झाल्यासारखा.

"काय म्हणाले?"

"पाडव्याच्या मुहूर्ताला येतो म्हणला. आईला बघायला. गाळ्यावर बी येतो, पण गादीवर बसायचा आग्रह करू नको म्हणला, मी उभा ऱ्हातो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

त्यांनी मोबाईल माझ्या हातात परत दिला.

"म्हणलं, ये. मी बी उभाच ऱ्हातो."